न आलेल्या बायकांची संमती

"बाटली उभी, म्हणजे दुकान चालू. बाटली आडवी, म्हणजे दुकान बंद. एवढंच शास्त्र आहे सर, यात तुमचं फिजिक्स घालू नका," नायब तहसीलदार लोंढे म्हणाले आणि मतपत्रिकांचा गठ्ठा त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

सकाळचे सात वाजले होते. बोरशिंगीच्या प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात आम्ही बसलो होतो. गावातले देशी दारूचे दुकान राहावे की जावे, हे त्या दिवशी गावातल्या बायका ठरवणार होत्या. आणि त्यांनी ते रीतसर ठरवले की नाही हे पाहण्यासाठी तालुक्याच्या महाविद्यालयातला भौतिकशास्त्राचा अधिव्याख्याता, म्हणजे मी, केंद्राध्यक्ष नेमला गेलो होतो. वय एकतीस, नोकरी अजून कायम न झालेली. नेमणुकीच्या आदेशात माझ्या संमतीसाठी जागा नव्हती. पोच दिल्याची सही तेवढी मागितली होती.

मतपत्रिका लांबट होती. वर उभ्या बाटलीचे चित्र, खाली आडव्या बाटलीचे, आणि प्रत्येक चित्राखाली तेच शब्दांत.

"जिंकायला किती मते लागतात?" मी विचारले.

"यादीत बायका सहाशे बारा. निम्म्याहून एक जास्त, म्हणजे तीनशे सात. आडवीवर तीनशे सात शिक्के पडले पाहिजेत."

"मतदान करतील त्यांच्या निम्म्या नव्हे?"

"यादीतल्या."

"मग जी आलीच नाही ती?"

"तिची काही तक्रार नाही असं धरायचं. तक्रार असती तर आली नसती का?"

"आणि जी मेली असेल?"

लोंढ्यांनी चहाचा घोट शांतपणे गिळला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कोणत्याही प्रश्नाचे नवल उरले नव्हते. "मेलेल्यासारखा नागरिक नाही, सर. अर्ज नाही, मोर्चा नाही. जे चाललंय ते त्याला मान्य असतं."

समोरच्या भिंतीवर संविधानाची उद्देशिका रंगवलेली होती. तिच्याखाली ती रंगवून घेणाऱ्या सरपंचांचे नाव उद्देशिकेपेक्षा मोठ्या अक्षरांत होते. 'आम्ही भारताचे लोक' या शब्दांकडे बोट दाखवून मी अर्धवट थट्टेने म्हणालो, "मी यावर कधी सही केल्याचे मला आठवत नाही."

"जन्मलात ना इथं? तीच सही."

"जन्मताना मला कोणी विचारले नव्हते."

"रडला असालच की. त्याची कुठं नोंद आहे? नाही ना? मग हरकत नव्हती तुमची," असे म्हणून लोंढे पेटी सील करायला उठले.

इथे मला माझे शास्त्र सुचले. सहाशे बायका एका खोलीतून सोडायच्या तर दिवस मावळेल, म्हणून मी दोन खोल्या आणि दोन पेट्या कराव्यात असे सुचवले. लोंढ्यांनी खांदे उडवले. पहिल्या खोलीत मुख्याध्यापकांचे प्रशस्त टेबल होते. दुसऱ्या खोलीत बालवाडी भरत असे; तिथे मुलांचे बाक तेवढे होते, वीतभर रुंदीचे. मी त्यातला एक बाक उचलून खिडकीशी लावला आणि दूरदर्शन संचाचे रिकामे खोके कापून त्याचा आडोसा केला. आडोसा बाकाला इतका घट्ट बसला की आत डोकावणे अशक्य. गुप्ततेचा मी कट्टर पुरस्कर्ता होतो. शिक्का आणि शाईची गादी मी दोरीने बाकाच्या पायाला बांधली, दोन पावले मागे सरलो आणि आपल्या कामाकडे समाधानाने पाहिले. प्रयोगाची मांडणी सुबक झाली होती.

आठ वाजता बायका आल्या. त्यांच्या पुढे अंजिरा ढोले होती. अंगणवाडीत मदतनीस, चाळिशीच्या आतली, हडकुळी बाई. दुकानबंदीच्या अर्जावर पहिली सही तिची होती. शेजारच्या गावच्या शाळेची वाट दुकानाच्या दारावरून जात असे, आणि तिथल्या बैठकीतल्या मंडळींच्या जिभांमुळे तिच्या आठवीतल्या मुलीने शाळा सोडली होती. हे तिने मला एका वाक्यात सांगितले आणि पुन्हा काढले नाही.

रांगेकडे वळून ती म्हणाली, "बायांनो, पंधरा दिवस घोकलंय तेच. पडलेली दिसंल तिच्यावर शिक्का. वाचाय येत नसलं तरी डोळं हायेत. काय करायचं?"

"पडलेलीवर हाणायचा," रांग एका सुरात म्हणाली.

"बाई, केंद्राच्या आवारात प्रचार नको," मी म्हणालो.

"परचार न्हाई सर, उजळणी."

साडेनऊच्या सुमाराला फाट्यावरून दोन जीपगाड्या भरून गेल्या. दुकानमालक बबनशेठ निकम यांनी गावातल्या बायकांना देवीच्या दर्शनाला नेण्याचा पुण्यसंकल्प नेमका त्या दिवशी सोडला होता. जेवण तिकडेच, परत यायला संध्याकाळ. त्यांनी दुकानाच्या बाजूने कोणाला एक शब्द सांगितला नाही. साऱ्या गावात नियम नीट वाचलेला माणूस तो एकटाच होता: मत मिळवण्याची त्याला गरज नव्हती, माणूस हलवला की काम होत होते.

अंजिरा फाट्याकडे पाहत उभी राहिली. "चोवीस गेल्या. देवी पावली त्याला."

दुपारी कोंडाबाई मासाळ आल्या. सत्तरीच्या पुढची धनगर म्हातारी, हातात काठी, कपाळावर गोंदण. त्यांचा मुलगा दुकानाच्या ओट्यावरच राहत असे म्हटले तरी चालेल. मी त्यांच्या बोटाला शाई लावत असताना त्या म्हणाल्या, "सर, सा शेरडं हुती माझी. चार त्या दुकानात गेली. शेरडं पीत न्हाईत, तरी गेली."

"आजी, दुसऱ्या खोलीत जा. कागद बाकावर ठेवायचा आणि शिक्का मारायचा."

"आडवीवर?"

"ते मी सांगू शकत नाही."

"तुमाला म्हाईत न्हाई व्हय?" त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या हसत. अंजिराने विचारले, "मारला?" त्या म्हणाल्या, "असा मारला की बुड फुटलं आसंल."

पाच वाजता मतदान संपले आणि व्हरांड्यातच मोजणी झाली. पहिल्या पेटीत एकशे एकाहत्तर मते: आडवी एकशे सहासष्ट, उभी तीन, बाद दोन. दुसऱ्या पेटीत एकशे सदुसष्ट: आडवी एकशे पस्तीस, उभी सव्वीस, बाद सहा. आडव्या बाटलीला एकूण तीनशे एक. लोंढ्यांनी आकडे दोनदा जुळवले आणि निकाल वाचला. पाहिजे होती तीनशे सात. सहा कमी. दुकान चालू राहणार होते आणि वर्षभर पुन्हा मागणी करता येणार नव्हती.

अंजिरा पायरीवरून वर आली. "उभीवर किती म्हणालात?"

"एकोणतीस," लोंढे म्हणाले.

"तीनशे एक हरल्या आन् एकोणतीस जिंकल्या?"

"एकोणतीस नव्हे, ताई. न आलेल्या दोनशे चौऱ्याहत्तर आहेत ना. त्यांची दुकानाला हरकत नाही."

"त्यांना इचारलं कुणी?"

"गप्प राहिल्या, म्हणजे मान्य आहे."

अंजिराने ब्लाऊजमधून एक घडी केलेला कागद काढला. "ह्या तेवीस गप्पच राहणार. तुमच्या यादीत हायेत, गावात न्हाईत. ही माझी सासू, सा वर्सं झाली जाऊन. दारूनं पोरगा गेला म्हणून हाय खाऊन गेली. तिची संमती हाय दुकानाला?"

"कायदा भावना बघत नाही, ताई, यादी बघतो. यादी दुरुस्त करायचा अर्ज वेळेत द्यायचा होता."

"तिनं?"

कागदपत्रे आवरत लोंढे मला म्हणाले, "चला सर, तुमची केंद्राध्यक्षाची दैनंदिनी लिहा, अंधाराच्या आत निघू."

तेवढ्यात कोंडाबाई काठी टेकत पुढे आल्या. "आरं पर मी मारला की पडलेलीवर. डाव्या हाताला पडली हुती, तिच्याच पोटावर मारला."

माझा हात दैनंदिनीवर थांबला. "डाव्या हाताला? आजी, एक वर होती आणि एक खाली."

"वर-खाली कुटलं? डाव्या हाताला एक, उजव्या हाताला एक. उजवी उभी हुती. मी काय आंधळी हाय?"

"कोणत्या खोलीत?"

"त्या बारक्या पोरांच्या."

मी एक कोरी मतपत्रिका घेतली आणि बालवाडीच्या खोलीत गेलो. कागद दीड वीत लांब होता. बाक एक वीत रुंद, पुढे भिंत, बाजूंना माझा घट्ट आडोसा. कागद उभा मावेना. कोणत्याही समंजस माणसाने जे केले असते ते मी केले: तो आडवा ठेवला. डाव्या हाताला उभी बाटली होती, आणि ती निवांत आडवी पडली होती. उजव्या हाताला आडवी बाटली होती, आणि ती पहारेकऱ्यासारखी उभी होती.

वस्तू कोणत्या दिशेने आहे हे पाहणाऱ्याच्या चौकटीवर अवलंबून असते, हे मी दरवर्षी जुलै महिन्यात अकरावीच्या मुलांना शिकवत असे. ज्यांना वाचता येत होते त्यांनी अक्षरे पाहिली, काहींनी मान वाकडी केली असेल. ज्यांनी अंजिराचा शब्द तंतोतंत पाळला, त्यांनी दुकान वाचवले.

तरीही एका म्हातारीच्या सांगण्यावर विश्वास ठेवणे मला माझ्या शिक्षणाला शोभणारे वाटले नाही. मी खिशातल्या कागदावर गणित मांडले. एका खोलीत तीन, दुसरीत सव्वीस. रांग तीच, गाव तेच. असा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता लाखात एकाहूनही कमी निघाली. मी ते दोनदा तपासले, कारण उत्तर मला आवडले नव्हते. दोष बाकाचा होता आणि बाक मी मांडला होता.

मी लोंढ्यांना आत बोलावले, कागद ठेवून दाखवला आणि गणितही दाखवले. त्यांनी मान तिरकी करून बाटल्यांकडे पाहिले, मग मान सरळ करून पाहिले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना नवल वाटले असावे.

"हुशार आहे हो तुमचा बाक," ते म्हणाले.

"आता काय करायचे?"

"दोन वाटा आहेत. दैनंदिनीत रकाना आहे, 'मतदानात आलेल्या अडचणी'. त्यात लिहा: मी मांडलेल्या बाकामुळे मतदारांचा गैरसमज झाला. खाली सही तुमची. कागद वर जाईल, चौकशी लागेल, महिन्याभरात फेरमतदानसुद्धा होईल कदाचित. तुमच्या नोकरीचं मला सांगता येणार नाही. कायम झालाय का?"

"जूनमध्ये व्हायचे आहे."

"किंवा लिहा: निरंक."

"पण ही या बायकांची इच्छा नाही, साहेब. ही माझ्या बाकाची इच्छा आहे."

"सर," लोंढे समजुतीच्या स्वरात म्हणाले, "इच्छा कोणाची होती हे तपासायला लागलो ना, तर तालुक्यात एकही कागद उभा राहणार नाही. माणसाच्या मनात काय होतं ते कायद्याला दिसत नाही. शिक्का दिसतो. शिक्का नसला तर गप्प राहणं दिसतं. त्यावर सगळं चाललंय, आणि बरं चाललंय. नाहीतर तुम्ही आम्ही आज इथं कशाला असतो? मला तरी रविवारी यायचं होतं का?"

हा युक्तिवाद खोडून काढायला मला त्या वेळी वेळ कमी पडला, असे मी पुढे अनेक वर्षे स्वतःला सांगत आलो. खरे कारण एवढेच की तो खोडून काढण्याची किंमत माझ्याकडून वसूल होणार होती आणि मान्य करण्याची बोरशिंगीकडून.

मी बाहेर आलो. खोलीच्या दाराशी, उंबऱ्याला लागून, अंजिरा उभी होती. तिने माझ्या हातातल्या कोऱ्या मतपत्रिकेकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"सर, आत काही दिसलं का?"

मागून लोंढे म्हणाले, "सर काही म्हणत नाहीत, ताई. म्हणजे सगळं नियमात आहे."

मी खरोखरच काही म्हणत नव्हतो. टेबलाशी बसलो, रकाना शोधला आणि स्वच्छ अक्षरांत 'निरंक' लिहिले. माझे अक्षर चांगले आहे. जीप निघाली तेव्हा कोंडाबाई शेजारणीला सांगत होत्या की मोजणारांना मोजता येत नाही.

जूनमध्ये मी कायम झालो. प्रयोगवहीत जी नोंद नाही ते निरीक्षण घडलेच नाही असे समजा, हे मी त्या वर्षीही विद्यार्थ्यांना बजावले. मात्र फळ्याकडे तोंड करून.

पुढच्या वर्षी बोरशिंगीत पुन्हा मतदान झाले आणि बाटली आडवी झाली, एवढे वर्तमानपत्रात वाचले. मला सुटल्यासारखे वाटले. चूक आपोआप दुरुस्त झाली तर ती कोणी केली याला महत्त्व उरत नाही, असा एक सिद्धान्तही मी तयार केला.

आणखी तीन वर्षांनी अकरावीच्या प्रवेशाच्या दिवसांत प्रयोगशाळेच्या दारात एक हडकुळी बाई आणि एक उंच मुलगी उभी राहिली.

"खांबेटे सर ना?" बाई म्हणाली. "अंजिरा ढोले, बोरशिंगी. ही वैजयंता. सायन्सला घातलीय. म्हणलं तुमाला दाखवून जावं."

मी दोघींना बसायला स्टूल दिले. मुलगी काचेच्या कपाटातली उपकरणे पाहत राहिली. दुसऱ्या मतदानाबद्दल मी विचारले.

"तीनशे अठरा पडली आडवीला. तेवीसच्या तेवीस मेलेल्या आम्ही यादीतून काढल्या. दाखले गोळा करत सगळं वर्स फिरले. मेलेल्या बाईचं गप्प बसणं सरकारात पोचवायला लई कागद लागतात, सर."

"आणि कोंडाबाई? त्या कशा आहेत?"

"त्या मतदानाच्या आदी आठ दिवस गेल्या. यादी पक्की झाली हुती, नाव काढायला जमलं न्हाई. म्हणजे त्यांची दोन्ही टायमाला दुकानाला संमती." हे ती हसत म्हणाली, पण मुलगी तेवढ्यात कपाटाकडून वळली होती आणि आईकडे पाहत होती.

अंजिराने माझ्या टेबलावरचा एक कागद उचलला, बोटांनी त्याची लांबी मापली आणि परत ठेवला. "दुसऱ्या टायमाला मतदानाआदी मी दोन्ही खोल्यांत जाऊन कागद ठेवून बघितला. सायेब म्हणाले, काय करतीस? म्हणलं, मापतीय."

मी तो कागद वहीत सरकवला.

"मला पयल्या टायमालाच म्हाईत हुतं, सर. उंबऱ्यातनं दिसत हुतं, तुमी बाकावर कागद ठेवला आन् सायबानं मान वाकडी केली त्ये."

"मग त्याच वेळी तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी बोलले असते तर हरलेल्या बाईचं रडगाणं झालं असतं. तुमी बोलला असता तर पुरावा. म्हणून थांबले. म्हणलं, शिकलेला माणूस हाय, बोलंल. इचारलंसुदिक तुमाला." तिने पदर खोचला आणि उठली. "त्या दिवशी न आलेल्या दोनशे चौऱ्याहत्तर म्हणाला व्हता तुमचा सायेब. मी दोनशे पंच्याहत्तर धरते."

"बाई, मी त्या गावचा मतदार नव्हतो," मी म्हणालो. कितीही वर्षे गेली तरी हे वाक्य मला स्वच्छ आठवते, कारण ते वस्तुस्थितीला धरून होते.

"मेलेल्या तरी कुठं व्हत्या," अंजिरा म्हणाली, आणि मुलीला पुढे घालून प्रवेशाच्या खिडकीकडे निघून गेली.